आणखी काही सेकंद

एका हाताची हालचाल काही केल्या मनातून जात नाही. ३१ मे १९४२. पहाट व्हायला अजून अवकाश आहे. बेल्जियमच्या ईशान्य कोपऱ्यात, ब्रे गावाजवळच्या दलदलीवर एक जळकं ब्रिटिश बॉम्बर विमान खाली खाली येतंय. आतले पाच जण उडी मारून गेलेत. उरलेत दोघं. डावीकडच्या खुर्चीत कप्तान, फ्लाइंग ऑफिसर लेस्ली मॅन्सर. शेजारी दुसरा वैमानिक, सार्जंट बेव्हिस्टॉक. बेव्हिस्टॉक जाता जाता थांबतो, मॅन्सरचं पॅराशूट उचलतो आणि त्याच्या छातीवर अडकवायला वाकतो. त्या काळच्या बॉम्बरमध्ये अंगात नुसता पट्ट्यांचा साज चढवलेला असे. पॅराशूटची गुंडाळी वेगळी ठेवलेली, वेळ आली की छातीवरच्या दोन आकड्यांत ती खटकन बसवायची. एरवी दोन-चार सेकंदांचं काम, पण त्याला दोन हात मोकळे लागतात आणि समोरचा माणूस स्थिर लागतो. मॅन्सरने ते पॅराशूट हाताने बाजूला सारलं. उडी मार, लगेच, मी आणखी काही सेकंदच हे सरळ धरू शकतो, एवढंच काय ते तो बोलला.

वीस वर्षं पूर्ण होऊन त्याला वीस दिवस झाले होते.

शौर्यपदकांच्या कहाण्यांमध्ये अशा क्षणाला ‘हौतात्म्य’ म्हणून पुढे जायची आपली सवय आहे. मला तिथेच अडकायला होतं. दोन आकडे, दोन-चार सेकंद. मग का नाही? उडी मारायची इच्छा नव्हती, असं तर मुळीच दिसत नाही. जगायची आणि सगळ्यांना घरी न्यायची त्याची धडपड तासभर चाललेली होती. उत्तर शोधायचं तर त्याच्या मनात डोकावून उपयोग नाही, त्याच्या हातापायांकडे बघावं लागतं.

दोन इंजिनांच्या विमानाचं डावं इंजिन गेलं, की उजवं एकटंच ओढत राहतं आणि नाक डावीकडे फिरायला लागतं. ते आवरायला उजवा पाय सुकाणूच्या पेडलवर दाबून धरावा लागतो. मॅन्सरचं हे मँचेस्टर विमान म्हणजे वीस-बावीस टनांचं धूड. त्यात पायाला मदत करणारी यंत्रणा नाही, जे काही जोर ते मांडीचा आणि पोटरीचा. त्यातून मॅन्सरच्या विमानाच्या एका पंखाचा भाग आगीत जळून गेलेला. जळका पंख कमी उचलतो म्हणून विमान त्या बाजूला कलंडतं, ते सावरायला हातातलं चाक उलट दिशेला पिळून धरायचं. आणि खरी मेख पुढे आहे. सुकाणू काम करतं ते त्याच्यावरून वाहणाऱ्या हवेच्या जोरावर. वेग जितका कमी, तितका सुकाणूत जीव कमी, तितका पाय जास्त रोवायचा. एका मर्यादेखाली वेग गेला, की पेडल पार टेकलं तरी नाक फिरतंच. वेग वाढवायचा तर नाक खाली करावं लागतं, म्हणजे उंची खर्ची घालावी लागते. आणि उंची आता उरलीच नव्हती. अशा विमानातल्या वैमानिकाने एक हात आणि एक पाय काढून घेतला, तर ते हळूहळू वळत नाही. मेलेल्या इंजिनाच्या बाजूला पालथं पडायला लागतं. आत जे कुणी असतील ते भिंतीवर आपटतात आणि नाकाच्या तळातल्या झडपेपर्यंत सरपटायलाही त्यांना मिळत नाही. म्हणजे मॅन्सर खुर्चीत बसून राहिला असं म्हणणं अपुरं आहे. सहा माणसांसाठी जमीन आडवी असते तशी विमानाची फळी तो आडवी धरून होता. तीच त्यांची बाहेर पडायची वाट होती.

बेव्हिस्टॉक बाहेर पडला तेव्हा खाली जेमतेम दोनशे फूट होते. दोनशे फूट म्हणजे साठ मीटर. हवेचा अडथळा सोडला, तर इतकं पडायला साडेतीन सेकंद लागतात, आणि दोरी ओढल्यावर घुमट पुरता भरायलाही दोनेक सेकंद जातातच. त्याचं पॅराशूट नीट उघडायच्या आत तो खाली पोचला. पाण्याने भरलेल्या एका चरात पडला म्हणून वाचला. त्याच्यानंतर आणखी पाच सेकंद या हिशेबात कुठेच बसत नाहीत.

आता ही वेळ आली कशी, ते यंत्राकडूनच सुरू करायला हवं, कारण मॅन्सरच्या वाट्याला आलेलं यंत्रच खोटं होतं. मँचेस्टर या विमानाला रोल्स-रॉइसची ‘व्हल्चर’ नावाची दोन इंजिनं होती. कल्पना मोठी धाडसी होती. बारा सिलिंडरांची दोन इंजिनं घ्यायची, एक सुलटं, एक उलटं, आणि दोन्ही एकाच दांड्यावर जोडायची. समोरून पाहिलं तर इंग्रजी एक्स अक्षरासारखी चोवीस सिलिंडरं. कागदावर १,७६० अश्वशक्ती. प्रत्यक्षात चार रांगांमधल्या पिस्टनांचा सगळा मार एकाच दांड्यावर, तिथल्या बेअरिंगपर्यंत तेल धड पोचत नसे, कनेक्टिंग रॉड तुटत, इंजिन तापे आणि हवेतच पेट घेई. एक इंजिन गेल्यावर दुसऱ्यावर घरी येणं हे वैमानिकांच्या लेखी नशीबच. जेमतेम दोनशे विमानं बांधून झाल्यावर एव्ह्रो कंपनीने हा नाद सोडला. रॉय चॅडविक हा त्यांचा मुख्य रचनाकार. त्याने तेच धड ठेवलं, पंख लांबवले आणि दोन व्हल्चरऐवजी चार मर्लिन इंजिनं बसवली. तेच लँकेस्टर, युद्धातलं सगळ्यात नावाजलेलं बॉम्बर. मॅन्सर उडाला त्या रात्री ताफ्यात ७३ लँकेस्टर होती आणि ४६ मँचेस्टर. शेवटच्या मँचेस्टरने मोहीम केली ती त्यानंतर महिन्याभरात, जूनच्या २५ तारखेला. एवढंसं अंतर होतं. हा आकडा वाचताना दर वेळी घशात काहीतरी अडकतं.

ही रात्र म्हणजे हजार विमानांची रात्र. बॉम्बर कमांडचा प्रमुख आर्थर हॅरिस याला एका शहरावर एकाच रात्री हजार विमानं पाठवून दाखवायची होती. त्याच्याकडे आघाडीची विमानं निम्मीही नव्हती. किनाऱ्यावर गस्त घालणाऱ्या दलाची विमानं द्यायला नौदलाच्या मुख्यालयाने आयत्या वेळी नकार दिला. मग प्रशिक्षण केंद्रं झाडून काढली. शिकवणारे आले, शिकणारे आले, वर्कशॉपमध्ये पडून असलेली विमानं ठोकूनठाकून उभी केली आणि आकडा भरला: १,०४७. मॅन्सरच्या वाट्याला आलेलं एल-७३०१ हेसुद्धा असंच उसनं, कोनिंग्सबीच्या १०६ क्रमांकाच्या स्क्वाड्रनकडून आणलेलं. मूळ लक्ष्य हँबर्ग होतं. तिथलं आभाळ भरलेलं राहिलं म्हणून जर्मनीतलंच कोलोन ठरलं. पौर्णिमा होती. सगळी विमानं एकाच वाटेने, एका पाठोपाठ एक, दीड तासाच्या आत शहरावरून न्यायची, म्हणजे जर्मनांच्या तोफा आणि रात्रीची लढाऊ विमानं यांना एकेकाला टिपायला सवड मिळणार नाही, अशी योजना.

लिंकन शहराच्या कुशीतल्या स्केलिंगथॉर्पच्या धावपट्टीवरून मॅन्सर रात्री अकराच्या सुमारास उडाला. पोटात १,२६० आगबॉम्ब. एकेका पत्र्याच्या पेटीत नव्वद, अशा चौदा पेट्या. एक बॉम्ब म्हणजे मॅग्नेशियमची हातभर लांब षट्कोनी कांडी, वजन चार पौंड, दोन किलोलाही थोडी कमी. सगळे मिळून सव्वादोन टनांच्या वर. पेटी हवेत उघडते, कांड्या विखरून पडतात, छपरं फोडून माळ्यावर जातात. पेटलेल्या मॅग्नेशियमवर पाणी ओतलं तर ते जास्तच भडकतं. वाळूने झाकावं लागतं. एवढं ओझं घेऊन ते इंजिन सात हजार फुटांच्या वर चढेना. त्याहून वर जायचा हट्ट धरला असता, तर इंजिनं तापली असती. बाकीची विमानं कितीतरी वरून जाणार, तोफखान्याचं लक्ष त्यांच्यावर राहील, आपण खालून निसटू, असा अंदाज मॅन्सरने बांधला. परत फिरला असता तरी कुणी बोल लावला नसता. वर न चढणारं इंजिन हे परत फिरायला पुरेसं कारण होतं.

अंदाज चुकला. कोलोन जवळ येताच शोधदिव्यांनी त्याला पकडलं. एका दिव्याचा झोत विमानावर स्थिर झाला की आसपासचे सगळे झोत त्याच टोकाला येऊन मिळतात. आतल्या माणसाला भर दुपारचं ऊन पडावं तसं लख्ख दिसतं आणि बाहेरचं काहीच दिसत नाही. या उजेडात बॉम्ब टाकायचे, तर शेवटचा टप्पा सरळ आणि सपाट उडावं लागतं. वळवळ केली तर नेम चुकतो, आणि सरळ उडालं तर खालच्या तोफवाल्याचा नेम बसतो. मॅन्सर सरळ उडाला, बॉम्ब टाकले आणि मग विमान खाली लोटून दिलं. सात हजारांवरून हजाराच्याही खाली, वळणं घेत, गावाची वेस येईपर्यंत. झोत आणि तोफा पाठ सोडत नव्हत्या. मागच्या बंदुकीवरचा सार्जंट नेलर जखमी झाला, पुढचा भाग धुराने भरला, डावं इंजिन भलतंच तापायला लागलं.

इथे थांबून खाली बघायला हवं.

खाली माणसं होती. त्या रात्री कोलोनमध्ये साडेचारशेच्या वर माणसं मेली, पंचेचाळीस हजार बेघर झाली. तळघरातून बाहेर पडलेल्या कुणा बाईने वर झोतात सापडलेलं एक विमान पाहिलं असेल, तर तिला ते पडावंसंच वाटलं असणार, आणि ते वाटणं चुकीचं म्हणायचा अधिकार कुणाला नाही. दुसरीकडे, त्याआधी दोन वर्षं लंडन, कॉव्हेंट्री, रॉटरडॅम जळलेलं होतंच. मॅन्सरबद्दल वाचताना हे दोन्ही माझ्या मनात एकमेकांशेजारी राहतं, एकाने दुसरं खोडलं जात नाही. चौदा पेट्या ज्या हाताने सोडायला लावल्या, त्याच हाताने तासाभराने पॅराशूट बाजूला सारलं. दोन्ही कृत्यं एकाच मुलाची, एकाच रात्रीतली. त्यातलं एकच सांगितलं, तर गोष्ट अर्धी होते.

शहराबाहेर पडल्यावर उंची हजार फुटांच्या खाली होती. तरी त्या वेळी सगळे जण सुखरूप उड्या मारू शकले असते. जर्मनांच्या हाती लागून कैदी झाले असते, इतकंच. मॅन्सरने ठरवलं, घरी न्यायचं. दुखावलेलं विमान त्याने कष्टाने दोन हजार फुटांपर्यंत चढवलं. हे चढवणं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. उंची म्हणजे वैमानिकाच्या गाठीची शिल्लक, पुढे अडचण आली की तीच खर्च करता येते. शिल्लक गाठीला लागते न लागते तोच डावं इंजिन पेटलं. पंखाच्या कडेने ज्वाळा मागे धावतायत आणि त्याच पंखात पेट्रोलच्या टाक्या. दहा मिनिटं ती आग पुरती विझेना. ती दहा मिनिटं सगळे तिच्याकडे बघत बसले असतील, टाकीपर्यंत जाते की नाही. आग विझली, पण इंजिन कायमचं गेलं होतं आणि पंखाचा भाग जळाला होता. उरलेल्या एका व्हल्चरवर पूर्ण जोर टाकला, तर तेही तापणार, न टाकावा तर विमान खाली येणार. आतलं जे सुटं करता येईल ते बाहेर फेकून वजन कमी केलं. तरीही उंचीमापकाचा काटा उलटा फिरत राहिला. मॅन्सरने सगळ्यात जवळच्या तळाकडे नाक वळवलं. वेग धोक्याच्या खाली गेला, विमान थरथरायला लागलं, आणि मग त्याने सगळ्यांना उड्या मारायला सांगितलं. बेव्हिस्टॉक शेवटचा. पुढचं वर सांगून झालं आहे. खाली उतरत असताना सोबत्यांनी विमान कोसळताना आणि पेटताना पाहिलं.

पण हे आपल्याला कळलं कसं? या प्रश्नाभोवती मी बराच घोटाळलो आहे. बॉम्बर कमांडचे ५५,५७३ जण त्या युद्धात मेले. त्यांच्यातल्या कित्येक कप्तानांनी शेवटचे काही सेकंद असेच धरून ठेवले असतील, आणि आतले सगळेच गेले म्हणून किंवा वाचलेले युद्ध संपेपर्यंत कैदेत राहिले म्हणून त्यांच्या नावापुढे फक्त ‘बेपत्ता’ एवढा शब्द राहिला. पदक मिळायला शौर्याइतकाच साक्षीदारही लागतो. मॅन्सरचे साक्षीदार वाचले, याचं श्रेय त्याच्या पायाच्या जोराला जितकं, तितकंच बेल्जियमच्या शेतकऱ्यांना. सहांपैकी नॅव्हिगेटर बार्न्स उडीत जायबंदी होऊन पकडला गेला. उरलेले पाच, बेव्हिस्टॉक, हॉर्सली, किंग, मिल्स आणि जखमी नेलर, खेडुतांच्या हाती लागले. त्यांनी त्यांना लपवलं, साधे कपडे दिले आणि ‘कॉमेट लाइन’च्या ताब्यात दिलं. आंद्रे द याँग नावाच्या पंचविशीतल्या बेल्जियन मुलीने उभी केलेली ही साखळी. एका घरातून दुसऱ्या घरात, खोटी ओळखपत्रं, रेल्वेच्या डब्यात तोंड मिटून झोपेचं सोंग, ब्रसेल्स, पॅरिस, फ्रान्सचं नैर्ऋत्य टोक, तिथून रात्री बास्क वाटाड्याच्या मागे पिरेनीज डोंगर चढायचा, बिदासोआ नदी ओलांडायची, स्पेन, मग जिब्राल्टर. पकडलं गेलं तर वैमानिक युद्धकैदी होत असे. त्याला आसरा देणाऱ्याला गोळी किंवा छळछावणी. आंद्रे स्वतः जानेवारी १९४३ मध्ये पकडली गेली आणि जर्मन छळछावण्यांतून जिवंत परतली. तिचे वडील फ्रेडेरिक यांना मार्च १९४४ मध्ये जर्मनांनी गोळ्या घातल्या. त्या पाच जणांनी इंग्लंडला पोचून जे सांगितलं, त्यावरून ऑक्टोबर १९४२ मध्ये मॅन्सरला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, ब्रिटनचं सर्वोच्च शौर्यपदक, जाहीर झाला. त्या छोट्याशा कांस्य पदकामागे कुणा शेतकरणीने मध्यरात्री उघडलेलं दारही आहे. ते तिथे कोरलेलं नसतं.

मॅन्सरचं आपल्या देशाशी नातं आहे, तेही सांगायला हवं. जन्म नवी दिल्लीचा, ११ मे १९२२. वडील पोस्ट आणि तार खात्यात इंजिनिअर. शाळा काही वर्षं कर्सियांगची, दार्जिलिंगच्या वाटेवरच्या चहाच्या उतारांवरची व्हिक्टोरिया शाळा. पुढे कुटुंब इंग्लंडला गेलं. युद्ध लागल्यावर तो सैन्यात गेला, नाकारलं. आरमारात गेला, नाकारलं. हवाई दलाने घेतलं. १९४१च्या ऑगस्टमध्ये ५० क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये रुजू झाला आणि दोनच दिवसांत फ्रँकफर्टवरच्या पहिल्या मोहिमेवर दुसरा वैमानिक म्हणून गेला. त्याची बहीण मेव्हिस. तिच्या नवऱ्याचं नाव जॉन नील रँडल, नॉरफक रेजिमेंटचा अधिकारी. मॅन्सर गेल्यावर दोन वर्षांनी, ६ मे १९४४ ला, नागा टेकड्यांमध्ये कोहिमाला रँडलची तुकडी एका जपानी मशिनगनच्या माऱ्याखाली सापडली. आधीच जखमी असलेला रँडल एकटा त्या बंकरपर्यंत धावला, फटीतून हातबॉम्ब आत टाकला आणि फट बंद राहावी म्हणून अंग तिच्यावर टाकलं. त्यालाही व्हिक्टोरिया क्रॉस, तोही मरणोत्तर. वय सव्वीस. त्याची कबर कोहिमाच्या युद्धस्मशानात आहे, मॅन्सरची बेल्जियममधल्या हेव्हर्लीच्या. मेव्हिसकडे बघायला मी घाबरतो. दोन्ही वेळा घरात कौतुकाची पत्रं आली असतील, दोन्ही वेळा राजाकडून. त्या घरातल्या संध्याकाळी कशा गेल्या असतील, ते कुठल्या मानपत्रात मावत नाही.

स्केलिंगथॉर्पची धावपट्टी आता उरलेली नाही. त्या जागेवर लिंकनची वस्ती वाढली. तिथल्या प्राथमिक शाळेला मॅन्सरचं नाव दिलंय.

आणि बेव्हिस्टॉक. पॅराशूट हातात घेऊन वाकलेला तो सार्जंट. घरी पोचल्यावर तो पुन्हा उडायला लागला. नंतर २०१ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये संडरलँडवर कप्तान झाला. समुद्रावर रात्र रात्र पाणबुड्या शोधत फिरणारी ही अवाढव्य उडती होडी. जून १९४४ मध्ये बिस्केच्या उपसागरात त्याने एक जर्मन पाणबुडी बुडवली, ऑगस्टमध्ये दुसरी. पाणबुडीवर हल्ला करायचा तर तिच्या तोफांसमोरून, लाटांपासून पन्नासएक फुटांवर, विमान सरळ आणि सपाट धरून न्यावं लागतं. आता डावीकडच्या खुर्चीत तो होता. मागे दहा-बारा माणसं होती, आणि त्या खुर्चीतून उठायचं ते त्या सगळ्यांच्या नंतर.